बँक बुडाली तरी हप्ता चुकत नाही

गृहकर्जाबद्दल येणारी पत्रं एरवी ‘व्याजदर कधी उतरणार?’ एवढ्यावरच थांबतात. या वेळच्या पत्रांत मात्र वेगळी धास्ती आहे : घरकर्जांचा बाजारच बसला तर बँकेचं काय होतं आणि आपलं काय?

प्रश्न : २००८ साली अमेरिकेत लोकांनी घरांचे हप्ते थकवले, हे वाचलं होतं. पण घर तर तारण होतंच. ते विकून पैसे वसूल करायचे. मग एवढ्या मोठ्या संस्था बुडाल्या कशा? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : गुरुजी, गोम ‘विकून’ या शब्दातच आहे. गल्लीतलं एक घर लिलावात निघालं तर गिऱ्हाईक मिळतं. दहा निघाली की अकराव्याचाही भाव पडतो, मग त्याच्या मालकाने एकही हप्ता चुकवलेला नसो. २००६ ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या घरांच्या किमती सरासरी पाव हिश्श्याहून जास्त उतरल्या. लास व्हेगास आणि फीनिक्समध्ये तर निम्म्याहून खाली गेल्या.

ही कर्जं दिली कशी, तेही पाहा. पहिली दोन वर्षं कमी आणि ठरलेला दर, पुढची अठ्ठावीस वर्षं बाजाराप्रमाणे. उत्पन्नाचा कागद अनेकदा पाहिलाच जात नसे, कारण कर्ज देणारा ते स्वतःजवळ ठेवणारच नव्हता. हजारो कर्जांची मोट बांधून तो ती गुंतवणूकदारांना विकून टाकी. तिकडच्या मध्यवर्ती बँकेचा दर जून २००४ पर्यंत १ टक्का होता, जून २००६ मध्ये तो सव्वापाच झाला. दोन वर्षांची सवलत संपलेल्यांचे हप्ते फुगले. किमती चढत होत्या तोवर जुनं कर्ज फेडून नवं काढता येई. त्या थांबल्या आणि ती पळवाटही बंद झाली.

तरी संस्था कोसळल्या त्या केवळ बुडीत कर्जांमुळे नव्हेत. त्यांची स्वतःची उधारी आधी अडली. न्यू सेंच्युरी ही अशी कर्जं वाटणारी मोठी कंपनी एप्रिल २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण तिला थोड्या मुदतीचा पैसा पुरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला. इंग्लंडच्या नॉर्दर्न रॉक बँकेने दिलेली कर्जं तेव्हा बहुतांशी नियमित चालू होती, तरी सप्टेंबर २००७ मध्ये तिच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. पंचवीस वर्षांचं कर्ज द्यायचं आणि त्यासाठी काही महिन्यांच्या मुदतीवर पैसा उचलायचा, म्हणजे शेजारणीकडून उसन्या आणलेल्या पिठावर खाणावळ चालवणं. शेजारीण एके दिवशी ‘नाही’ म्हणाली की चूल बंद. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळखोरीत गेली. दहाच दिवसांनी, २५ तारखेला, वॉशिंग्टन म्युच्युअल बुडाली. अमेरिकेतली ती तोवरची सर्वांत मोठी बँकबुडी.

प्रश्न : माझे मेहुणे तेव्हा कॅलिफोर्नियात होते. घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त झालं म्हणून किल्ल्या बँकेला देऊन ते मोकळे झाले. आपल्याकडे असं करता येतं का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : नाही. राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या मूळ खरेदी-कर्जावर कॅलिफोर्नियाचा कायदा बँकेला घरापुरतंच थांबवतो, उरलेली रक्कम मागू देत नाही. तिकडेही सगळ्या राज्यांत तसं नाही. आपल्याकडे लिलावातून कर्ज फिटलं नाही तर उरलेली रक्कम तुमच्याकडून मागता येते, आणि जामीनदाराकडूनही. जामीन राहिलेला भाचा बहुतेकदा हे विसरलेला असतो. उलट कर्ज फिटून पैसे उरले, तर ते तुम्हाला परत मिळायला हवेत. हे विचारायचं लोकांना सुचतच नाही.

प्रश्न : कर्ज देणारी कंपनीच बुडाली तर कर्ज माफ होतं का? (डोंबिवली)

उत्तर : हा प्रश्न २०१९ पासून येतोय, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत थोडी आशा असते! तेव्हा डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीला उसन्या पिठाचाच आजार झाला होता, त्यात पैसे वळवल्याच्या आरोपांची भर. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. २०२१ मध्ये ती पिरामल समूहाकडे गेली. मोठ्या रकमेच्या मुदत ठेवी ठेवणाऱ्यांच्या पदरी मूळ रकमेचा थोडाच हिस्सा पडला. कर्जदारांचे हप्ते मात्र चालूच राहिले, फक्त घेणारा बदलला. तुमचं कर्ज ही कंपनीची मालमत्ता असते. मालमत्ता विकली जाते, पुसली जात नाही.

अशा वेळी दोन कामं करा. कर्जखात्याचा उतारा आणि घराच्या मूळ कागदांची यादी लेखी मागून घ्या. आणि नव्या धन्याचं पत्र जुन्या कंपनीकडून खात्री केल्याशिवाय खरं मानून भलत्या खात्यात हप्ता भरू नका. गोंधळाच्या दिवसांत भामटे जागेच असतात.

प्रश्न : अमेरिकेतली लाट तेव्हा आपल्याकडे का आली नाही? (ठाणे)

उत्तर : शेअर बाजारात आणि नोकऱ्यांत ती आलीच होती. गृहकर्जात नाही आली, याचं थोडं श्रेय तेव्हाचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांच्या काळातल्या रिझर्व्ह बँकेला द्यायला हवं. २००४ च्या डिसेंबरात, बाजार तेजीत असतानाच, तिने गृहकर्जांपोटी बँकांना जास्त भांडवल राखायला लावलं, म्हणजे अशी कर्जं वाटणं त्यांना महाग केलं. तेव्हा बिल्डर मंडळी कुरकुरली होती.

प्रश्न : दोन हप्ते चुकलेत, तिसराही चुकेल असं दिसतंय. दर वाढले तेव्हा बँकेने मुदत परस्पर वाढवली होती. आता घरावर जप्ती येईल का? (कोल्हापूर)

उत्तर : आधी मुदतीचं. समजा एप्रिल २०२२ मध्ये ६.७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ३० लाख घेतले. हप्ता २२,७२२ रुपये. वर्ष सरायच्या आत दर ९.२ झाला, आणि २९.६ लाख मुद्दल शिल्लक असताना महिन्याचं नुसतं व्याज २२,६९३ रुपये. मुद्दलात जमा किती? २९ रुपये. ‘हप्ता वाढवला नाही’ म्हणून खूश झालेल्यांचं असंच होत होतं. ऑगस्ट २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे तुम्हाला विचारलं पाहिजे. तुम्हाला विचारलं नसेल तर लेखी तक्रार करा.

आता जप्तीचं. थकबाकी ९० दिवसांपेक्षा जुनी झाली की खातं अनुत्पादित, म्हणजे वसुली थकलेलं, धरतात. मग कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतलीत तर १५ दिवसांत उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. पुढची पायरी ताब्याची नोटीस. ती दारावर चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपल्या पेपरात मुंगीएवढ्या अक्षरांतली नावं-गट नंबरांची पानं असतात ना, तीच. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात.

तुम्ही अजून पहिल्याही पायरीवर नाही. तिसऱ्या हप्त्याची तारीख उलटायच्या आत शाखेत जा. पगार कमी झाला असेल तर त्याचा कागद जोडून कर्जाच्या पुनर्रचनेचा, म्हणजे हप्ते-मुदत नव्याने बसवून घेण्याचा, अर्ज द्या, आणि तुमच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. फोनवर ‘बघतो साहेब’ म्हणणाऱ्या वसुलीवाल्याचा शब्द धरून बसू नका.