दोन सेमिस्टर राहिलीत आणि मला वेल्डिंग शिकायचंय

तुझं पत्र काल रात्री वाचलं, आज सकाळी परत एकदा वाचलं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तू केमिस्ट्री घेऊन सायन्सच्या डिग्रीला आहेस, शेवटचं वर्ष, दोन सेमिस्टर बाकी, मागचा एक विषय राहिलाय. सुट्टीत सहज म्हणून दोन महिने एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये गेलास आणि तिथेच जीव रमला. आता तिथले उस्ताद म्हणतायत पुढच्या महिन्यापासून कायमचा ये. बाबा म्हणतात आधी डिग्री, मग काय करायचं ते कर. त्यावरून तुमचं बोलणं बंद आहे. आणि तुझा प्रश्न असा की ताई, डिग्री पूर्ण करू का आत्ताच होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, हातात घेऊ?

पत्रात कॉलेजबद्दल एकच ओळ आहे, "लेक्चरला बसवत नाही". आणि वेल्डिंगबद्दल पान भरून लिहिलंयस. एका दिवशी स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी कडक खपली, आपोआप सालीसारखा सुटून आला, तो ठोकून काढायचा चिपिंग हॅमर लावायचीसुद्धा गरज पडली नाही, आणि खाली बीड, म्हणजे जोडावरची धातूची रेघ, एकसारखा निघाला, ते बघून उस्ताद काही बोलले नाहीत फक्त पुढचा जॉब तुझ्याकडे सरकवला. हे वाचून मला खरंच छान वाटलं. मी खूप वर्षं मुलांची पत्रं वाचतेय, आवड आहे असं सगळेच लिहितात पण इतकं बारीक कुणी लिहित नाही. त्यामुळे तुझी ओढ खरी आहे का याबद्दल मला शंका नाही, तो विषय इथेच संपला.

शंका दुसऱ्या गोष्टीची आहे. त्या दोन महिन्यांत होल्डर तुझ्या हातात नक्की किती तास होता? तूच लिहिलंयस की पहिले तीन आठवडे ग्राइंडिंग, कटिंग आणि सामान उचलणं. मग टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे छोटे ठिपके, मारायला दिले आणि शेवटी शेवटी सपाट प्लेटवर रन, म्हणजे एक सलग बीड. म्हणजे जे तुला आवडलं ते शेवटच्या तीन-चार आठवड्यांतलं आहे, आणि ते सुद्धा फ्लॅट पोझिशनमध्ये, जिथे वितळलेला धातू आपल्या जागी बसून राहतो. उभ्या जॉइंटवर तो खाली ओघळतो, ओव्हरहेड मारताना ठिणग्या कॉलरमधून आत जातात आणि मान अवघडते, आणि 45 अंशात पक्का बांधलेल्या पाइपवर, ज्याला सिक्स जी म्हणतात, तिथे पाइप फिरवता येत नाही तर आपल्यालाच त्याच्याभोवती फिरावं लागतं. चांगलं काम मिळतं ते हे जमणाऱ्याला. घाबरवायला सांगत नाहीये. पण कॉलेजचा सगळ्यात कंटाळवाणा दिवस आणि वर्कशॉपचा सगळ्यात भारी दिवस शेजारी ठेवून निर्णय घेतला तर तो चुकणारच, त्या वयात मी सुद्धा असंच काहीतरी केलं असतं.

आता उस्तादांनी जे देऊ केलंय त्याबद्दल, कारण इथेच मुलं फसतात आणि यात उस्ताद वाईट असतात असं नाही. कायमचा ये म्हणजे काय म्हणून ये? हेल्पर म्हणून की शिकाऊ म्हणून? दोन्हीत फार फरक आहे. हेल्परने दोन वर्षं ग्राइंडर चालवला तर तो दोन वर्षं ग्राइंडर चालवलेला हेल्परच राहतो. शिकाऊ म्हणजे अमुक महिन्यात व्हर्टिकल, तमुक महिन्यात ओव्हरहेड, मग आर्गन गॅसचं वेल्डिंग, आणि शेवटी बाहेरचा माणूस येऊन तुझी टेस्ट प्लेट वाकवून किंवा एक्स-रे काढून बघणार, असं काहीतरी ठरलेलं. जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्होकेशनल शाळेत असतो, ट्रेडप्रमाणे दोन ते साडेतीन वर्षं, आणि त्याच्या हातात करार असतो. पुढे तो माइस्टर, म्हणजे ट्रेडमधला परीक्षा दिलेला उस्ताद, झाला तर तिथल्या पात्रतेच्या चौकटीत ती सहावी पायरी धरतात, बॅचलर डिग्रीचीही तीच. हे बाबांनाही सांग, ट्रेड म्हणजे शिक्षण सोडलं असं जगात सगळीकडे मानत नाहीत. पण ते मानलं जातं ते ठरलेल्या शिकण्याला, नुसतं वर्कशॉपमध्ये जाऊन उभं राहण्याला नाही. तर उस्तादांना सरळ विचार, आदराने विचार, की सहा महिन्यांनी मला काय येत असेल आणि माझी टेस्ट कोण घेणार. उत्तर मिळालं तर उत्तम. "बघू, शिकशील हळूहळू" असं आलं तर ज्यासाठी डिग्री सोडावी असं अजून काहीच तुझ्यापुढे आलेलं नाहीये असं समज.

आता माझं मत. दोन सेमिस्टर पूर्ण कर.

थांब, पूर्ण वाच, कारण माझं कारण बाबांच्या कारणापेक्षा वेगळं आहे. इतकी वर्षं घातलीस ती वाया जातील असं मी म्हणणार नाही, गेलेली वर्षं तू डिग्री घेतलीस काय नि सोडलीस काय परत येणार नाहीयेत, त्यांचा हिशोब यात धरूच नको. हिशोब फक्त राहिलेल्याचा. तुझी अडीच वर्षं बाकी असती आणि मन असं उडालेलं असतं तर मी आजच म्हटलं असतं, कॉलेजकडून रीतसर ब्रेक घे आणि जा. तुझे राहिलेत दोन सेमिस्टर आणि एक विषय.

आणि दुसरं, हे सहसा कुणी सांगत नाही, कुठली गोष्ट शिळी होते आणि कुठली होत नाही ते बघ. पूर्ण झालेली डिग्री शिळी होत नाही, चाळिसाव्या वर्षीसुद्धा ती डिग्रीच असते. अर्धी डिग्री मात्र होते. सिलॅबस बदलतो, जुने क्रेडिट किती वर्षं धरायचे याचे नियम असतात, आणि पाच वर्षांनी परत गेलास तर काही विषय नव्याने द्यायला लावू शकतात. वेल्डरच्या क्वालिफिकेशनचं तर अजून कडक आहे. आयएसओ 9606 या वेल्डरच्या परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात दर सहा महिन्यांनी सही लागते की हा माणूस त्या कामावर आहे, आणि अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संघटनेच्या, एएसएमईच्या, कोडमध्ये सहा महिने त्या प्रोसेसने वेल्डिंग केलं नाही तर क्वालिफिकेशन संपतं. म्हणजे तू आत्ता जाऊन टेस्ट पास झालास आणि वर्षाने बाबांच्या आग्रहाखातर परीक्षेला परत बसलास तर इकडची अर्धी डिग्रीही शिळी आणि तिकडचं सर्टिफिकेटही लॅप्स. उलट क्रमाने केलंस तर डिग्री एकदाची बाजूला पडते, कुठे जात नाही, आणि मग वेल्डिंगमध्ये उतरलास की मागे वळून बघायचं काम नाही. मी डिग्री मोठी आणि हातकाम छोटं असं म्हणत नाहीये, फक्त आधी काय नि नंतर काय एवढंच सांगतेय.

आणि केमिस्ट्री. तुला वर्गात कंटाळा येतो ते मी समजू शकते, पण उस्ताद 7018 नंबरचे वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये गरम का ठेवतात हे विचारलंस कधी? रॉडवरच्या फ्लक्सने, म्हणजे बाहेरच्या लेपाने, ओल धरली तर आर्कमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोतात, त्या पाण्यातला हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या धातूत शिरतो आणि जॉइंट थंड झाल्यावर, कधी कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. वरून बीड सुंदर, आत क्रॅक. स्टेनलेस स्टीलचं तसंच, 450 ते 850 डिग्री सेल्सिअसच्या मध्ये तो जास्त वेळ राहिला की क्रोमियम कार्बनला चिकटून कणांच्या कडेला जमतो, तिथला आजूबाजूचा धातू क्रोमियमशिवाय उघडा पडतो आणि वेल्डच्या कडेने गंज धरतो. म्हणून 304 एल हा कमी कार्बनचा प्रकार वापरतात, कार्बन 0.03 टक्क्यांपर्यंतच. हे सगळं तुझ्या राहिलेल्या दोन सेमिस्टरच्या पुस्तकात या शब्दांत नसेलही, पण हे वाचून पटकन समजेल इतकी तयारी तुझी झालीय आणि वर्कशॉपमध्ये ही तयारी असलेली माणसं कमी असतात. पुढे वेल्डिंग इन्स्पेक्शन, मटेरियल टेस्टिंग, एक्स-रे आणि अल्ट्रासॉनिकने जॉइंट तपासणं, इकडे जायचं झालं तर बऱ्याच सर्टिफिकेट परीक्षांना बसताना शिक्षण जास्त असेल तर अनुभवाची अट कमी असते. ज्याच्या हाताला वेल्डिंग येतं आणि जो रिपोर्टही वाचतो त्या माणसाला साइटवर सगळे विचारून काम करतात.

बाबांबद्दल मला जे वाटतं ते सांगते, चुकत असेन तर सांग. तू मध्येच एका वाक्यात लिहून गेलायस की एका रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, झोप लागली नाही, बाबा रात्रभर जागे होते. आणि त्याच्याच पुढच्या ओळीत "तेव्हापासून ते ऐकतच नाहीत". अरे, मग ते डिग्रीबद्दल बोलतच नाहीयेत. त्यांनी मुलाला डोळे धरून बसलेलं बघितलंय. त्यांच्या डोक्यात आहे की पन्नाशीला याचे डोळे, पाठ, गुडघे राहतील का. ही भीती काही वेडेपणाची नाही, वेल्डिंगचा धूर माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2017 मध्ये तो त्यात टाकला. तेव्हा त्यांच्याशी डिग्रीवर वाद घालू नको. धूर ओढून घेणारा एक्झॉस्ट त्या वर्कशॉपमध्ये आहे का, मास्क वापरतात का, तू वय झाल्यावर काय करणार, यावर बोल. पाठ धरायला लागली की इन्स्पेक्शनकडे वळेन आणि त्यासाठीच ही दोन सेमिस्टर देतोय, असं तू स्वतःहून म्हणालास तर बोलणं सुरू होईल असं मला वाटतं. जमलं तर त्यांना एकदा वर्कशॉपमध्ये घेऊन जा, उस्तादांना भेटव, तुझं काम दाखव.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. डिग्री पूर्ण कर याचा अर्थ वर्षभर होल्डरला हात लावू नको असा अजिबात नाही. मी पूर्वी एका मुलाला असं सांगितलं होतं, आधी परीक्षा मग बाकी सगळं. त्याला गाड्यांच्या इंजिनचं वेड होतं. त्याने ऐकलं, डिग्री घेतली, मग ओळखीने कुठेतरी टेबलावर नोकरी लागली, आणि आता तो इंजिनाचं नावही काढत नाही. तो सल्ला माझा चुकला होता आणि अजून टोचतो. तेव्हा आठवड्यातले दोन दिवस किंवा रोजचे दोन तास उस्तादांकडे जाच, पगार नको, तुकडे जोडायला द्या एवढंच सांग, आणि वर्ष संपेपर्यंत व्हर्टिकलचा एक बरा रन हातात बसला पाहिजे असं धर. अभ्यासाचा कंटाळा पण त्यानेच सुसह्य होईल बहुतेक.

आणि राहिलेला विषय आधी काढ, पुढच्याच परीक्षेला. तो सुटला नाही, पुढचं सेमिस्टरही गेलं आणि तू नुसता हजेरीपुरता वर्गात बसतोयस असं दिसलं तर मला परत लिही, मग माझं उत्तर बदलेल आणि मी बाबांनाही तसं लिहीन. फक्त तेव्हा सुद्धा न सांगता गायब होऊ नको, कॉलेजमध्ये अर्ज देऊन ब्रेक घे, किती वर्षांत परत येता येतं ते लेखी घे, गुणपत्रिका सगळ्या हातात ठेव.

डोळ्यांचं राहिलं. त्या रात्री जे झालं ते टॅक मारताना झालं असणार, एका सेकंदाचं तर काम म्हणून हेल्मेट वर ठेवून नजर वळवून आर्क मारला जातो, सगळे नवीन मुलगे हेच करतात. शेजारच्याच्या आर्ककडे नुसतं बघूनही होतं. त्रास लगेच कळत नाही, काही तासांनी सुरू होतो, म्हणून रात्री. एक-दोन दिवसांत बरं होतं सहसा, पण न थांबता दुखलं किंवा धूसर दिसलं तर डॉक्टरकडे जा, मेडिकलमधून आपल्या मनाने ड्रॉप आणून घालू नको. स्वतःचं हेल्मेट घे, आर्क पेटला की आपोआप काळी होणारी काच असलेलं, म्हणजे टॅकला ते वर करायचा मोहच होणार नाही. पैसे जमवायला वेळ लागला तर बाबांकडे माग. देतील बघ.