आधी बूट, मग सुरी

दहावीनंतर किचनचा कोर्स धरलास, छान केलंस. पहिले काही आठवडे नुसता कांदाच चिरायला लावतील. त्यासाठी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातून गोण आणायची गरज नाही. घरचा रोजचा कांदा तू चीर, आईही खूश. चॉपिंग बोर्डखाली ओलं फडकं घाल, नाहीतर तो सरकतो. डाव्या हाताची बोटं आत वळव, पातं पेरांना टेकत वरखाली झालं पाहिजे. मी बोटं सरळ ठेवायचो. खूण अजून आहे. सुरी निसटली तर झेलू नकोस, मागे सर.

5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, हे पाठच कर. आपल्या ठाण्याच्या उकाड्यात पातेलंभर गरम भात ओट्यावर तसाच राहिला, की संपलंच. परातीत पसरून गार कर, मग लगेच फ्रिज.

आयटीआयचा फूड प्रोडक्शन ट्रेड एका वर्षात होतो. पण दादरच्या आयएचएमची, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट संस्थेची, पदवी मनात असेल तर बारावी सोडू नकोस, त्यात इंग्रजी हवंच, शिवाय प्रवेश परीक्षा.

आणि महागडा सुऱ्यांचा सेट आत्ताच नको. आधी न घसरणारे, पुढून बंद बूट घे.