रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र बिघडलेलं

"म्हणजे हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत, असंच ना मॅडम?"

पोटाच्या डॉक्टरांनी समुपदेशनाला पाठवलेली बहुतेक माणसं पहिल्या भेटीत हेच विचारतात. कुणी चिडून, कुणी ओशाळून. ज्या बाईंबद्दल लिहितेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) त्या चिडलेल्याच होत्या. पेशाने शिक्षिका. पहिल्या तासाआधी पोटात कळ यायची, पुन्हा पुन्हा शौचाला जावं लागायचं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही. रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी, सगळं नॉर्मल. निदान आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासण्यांत दोष सापडत नाही, तरी पोट दुखतं आणि शौचाचं तंत्र बिघडतं. सुट्टीत त्रास कमी व्हायचा, आणि घरच्यांनी नेमकं तेच धरून ठेवलं होतं: "बघ, घरी असलीस की काही होत नाही!"

कामाला लागण्याआधी मी काही गोष्टी विचारून घेतेच. शौचातून रक्त जातं का? वजन आपोआप घटतंय का? पोटदुखीने रात्री झोपेतून जाग येते का? रक्तक्षय आहे का? त्रास पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालाय का? यातलं एक जरी 'हो' असेल तर आधी डॉक्टर, मग मी. बाईंच्या बाबतीत हे सगळं डॉक्टरांनी तपासलेलं होतं.

मग त्यांना सांगितलं, की दुखतंय ते खरंच दुखतंय. कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर दिसतं, सूज किंवा गाठ असली तर कळते. आतडं किती हळवं झालंय हे तिच्यात दिसत नाही. आतड्यात छोटा फुगा फुगवून केलेल्या प्रयोगांत आयबीएसच्या अनेक रुग्णांना इतरांपेक्षा कमी दाबालाच वेदना जाणवते. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं, आणि त्याला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नसेतले सुमारे 80 टक्के तंतू निरोप खालून वर नेतात. म्हणजे मेंदू पोटाला जेवढं सांगतो त्याहून जास्त पोटाचं ऐकत असतो. डॉक्टर मंडळींनीही 2016 पासून या आजारांना 'आतडं आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे विकार' असं म्हणायला सुरुवात केली आहे.

"पण सुरुवात कुठून झाली? पोटातून की डोक्यातून?" बाईंना हे हवंच होतं; घरी वाद जिंकायचा होता. ऑस्ट्रेलियात काही लोकांची 12 वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. 2012 साली तिचे निष्कर्ष आले. आधी चिंता असलेल्यांना पुढे पोटाचे विकार होण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि आधी फक्त पोटाचा त्रास असलेल्यांत पुढे चिंता आणि नैराश्य जास्त दिसलं. वाद बरोबरीत सुटला. एका माणसाच्या बाबतीत नेमकी सुरुवात शोधण्यात मला फारसा रस नसतो, कारण आज काय करायचं ते त्यावर ठरत नाही.

ते ठरलं त्यांच्या वहीवरून. कळ कधी आली, त्याआधी काय खाल्लं, मनात काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. शिकवण्याची भीती कुठेच नव्हती. भीती होती ती 'वर्ग सोडून जाता आलं नाही तर?' याची. त्यापायी सकाळी उपाशी राहणं, पाणी टाळणं, मग संध्याकाळी एकदम पोटभर जेवणं आणि रात्री पुन्हा गच्च पोट. निघण्याआधी 'खात्रीसाठी' आणखी एकदा शौचालय. अशा प्रत्येक खबरदारीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण धोका खरोखरच होता अशी मेंदूची समजूत पक्की होते. म्हणून आम्ही त्या एकेक करून सोडायला घेतल्या. सकाळचं थोडं खाणं सहज जमलं, पोटाने सावकाश श्वास घेणंही. ते खात्रीसाठी जाणं सोडताना मात्र घाम फुटला. परीक्षांच्या दिवसांत सगळं पुन्हा उसळलं, आणि बाई म्हणाल्या, "तुमचं हे काही खरं नाही." सोडून जातील असं वाटलं होतं. वही घेऊन परत आल्या.

मध्येच डॉक्टरांनी नैराश्यावरचं एक जुनं औषध अगदी कमी मात्रेत दिलं, तेव्हाही त्या बिथरल्या. एवढ्या कमी मात्रेत ते पोटाची वेदना आणि आतड्याची हालचाल शांत करायला देतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांच्या काही रात्री वाचल्या असत्या.

आता कळ अधूनमधून येते. तास पुरा होतो. शेवटच्या भेटीत त्यांनी मोबाईलवरचा एक मेसेज दाखवला: शरीरातलं 90 टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात बनतं, म्हणून प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी मानले जाणारे जिवाणू) घ्या, नैराश्य पळेल. आकडा साधारण बरोबर आहे. पण आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याने गाळलं होतं. पोटफुगीसाठी करून बघायचं असेल तर डॉक्टरांना विचारून एकच प्रकार निदान चार आठवडे घ्या, फरक नसेल तर बंद करा, असं मी म्हटलं. त्यांनी घेतलं, फरक पडला नाही, बंद केलं.