बँकेच्या लिलावातलं पहिलं घर

स्वस्तात फ्लॅट दिसला की हात शिवशिवतात, कळतंय. पण राखीव किमतीवर, म्हणजे लिलावातल्या किमान किमतीवर, भाळू नका. त्याच नोटिशीत ताबा कुठला लिहिलाय ते आधी बघा. सांकेतिक, म्हणजे नुसता कागदोपत्री, असेल तर आत बहुधा माणसं राहतायत, आणि त्यांना बाहेर काढायला सरफेसी कायद्याच्या (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा) कलम 14 खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. माझ्या पहिल्या फ्लॅटच्या दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली आणि आत कुकरच्या शिट्ट्या! चावी हातात यायला चौदा महिने गेले. पहिल्या खेपेला प्रत्यक्ष ताब्यातलंच घर घ्या.

बोलीआधी एवढं कराच:

- सोसायटीच्या सेक्रेटरीकडून थकबाकीचा आकडा लेखी घ्या. ‘जसे आहे, जिथे आहे’ म्हणजे मेंटेनन्स, मालमत्ता कर, वीजबिल तुमच्या गळ्यात पडू शकतं.
- वकिलाकडून मालकीचा सर्च रिपोर्ट काढा, सरसाईवर (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) दुसऱ्या बँकेचा बोजा तपासा. डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरण) दावा चालू आहे का, तेही.

नवखे खरे आपटतात ते पैशांत. बोलीआधी भरायची अनामत सहसा राखीव किमतीच्या 10 टक्के. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून बोलीच्या 25 टक्के भरायचे. विक्री मंजूर झाल्यापासून 15 दिवसांत उरलेले. एवढ्यात गृहकर्ज होत नाही हो! मंजुरी आधीच खिशात ठेवा, नाहीतर भरलेले पैसे जप्त.

भाडेकरू असलेल्या घरांचं प्रकरण वेगळं, ते नंतर.