आजीला नौपाड्यात ठेवून टोरांटोला निघताना

आपण लिहिले आहे की येत्या जानेवारीत कामाच्या परवान्यावर पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह टोरांटोला जायचे ठरले आहे आणि आपल्याला वाढवणारी ब्याऐंशी वर्षांची आजी ठाण्यातच राहणार आहे. तिला पुढे तिकडे नेता येईल का, सणवार कसे चालवायचे आणि आपली माणसे कुठे भेटतील, असे आपले तीन प्रश्न आहेत. घरभाडे आणि शाळांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतील. मी २०११ मध्ये ठाण्याच्या नौपाड्यातूनच टोरांटोशेजारच्या मिसिसागाला आले आणि माझी आजी २०१९ च्या जानेवारीत वारली, त्यामुळे या तीन प्रश्नांची उत्तरे मला तिच्याविषयी सांगितल्यावाचून देता येणार नाहीत.

कागदोपत्री उत्तर आधी देते. आजीआजोबांना दीर्घकाळ आणण्यासाठी जो सुपर व्हिसा असतो, तो बोलावणारा कॅनडाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असेल तरच मिळतो. नुसत्या कामाच्या परवान्यावर तो मागता येत नाही. पुढे मिळाला तर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र त्यासाठी किमान एक लाख डॉलरचा आणि निदान वर्षभराचा वैद्यकीय विमा, वैद्यकीय तपासणी आणि आपले ठरावीक उत्पन्न लागते. या वयात तो विमा महाग पडतो आणि आधीच्या आजारांबाबतची कलमे बारकाईने वाचावी लागतात. मी कायमची रहिवासी झाल्यावर हे सगळे जुळवून मोठ्या उत्साहाने आजीला फोन केला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आणि माझा बुधवार कोण करणार?”

बुधवार म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलचा दिवस. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते आणि तिकडची माणसे बाळंतिणीला किंवा तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन ठाण्यापर्यंत येत, पण सोबत आलेल्यांना कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे कळत नसे आणि जेवणाचे तर काहीच ठरलेले नसे. आजी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवीची परीक्षा, पास होती. ऐन चाळिशीत वैधव्य आल्यावर तिने शिवणयंत्रावर तीन मुले वाढवली, आणि ती हाताशी आल्यावर दर बुधवारी पेजेचा मोठा डबा, एक बॉलपेन आणि जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली दुपटी-झबली घेऊन ती तिकडे जाऊ लागली. दुपटे नव्या कापडाचे शिवू नये, ते बाळाला टोचते, असा तिचा नियम होता. वाड्यातल्या सगळ्या बायकांची विरलेली लुगडी त्यामुळे आमच्याच घरी येत. हे बत्तीस वर्षे चालले. घरात याला कोणी समाजसेवा म्हणत नसे. आजी बुधवारी नसते, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

देवधर्म तिने याहून वेगळा काढलेला नव्हता. सोमवारी कौपिनेश्वराचे देऊळ, कार्तिकात काकड आरती, आणि रोज संध्याकाळी सातला हरिपाठ. एका चातुर्मासात तिने चहा सोडला, तेव्हा कार्तिकी एकादशीची वाट तिच्यापेक्षा आम्हीच जास्त पाहिली. २६ जुलै २००५ च्या पावसात गाड्या बंद पडून स्टेशनात माणसे अडकली, त्या रात्री तिने भजनी मंडळाची भंडाऱ्याची पातेली बाहेर काढायला लावून खिचडी शिजवली, ती देवाची भांडी आहेत अशी कुरकुर झाली, तर म्हणाली, “मग देवालाच वाढतोय.” त्या दिवशी तिचा हरिपाठ चुकला आणि तिने त्याची भरपाईही केली नाही, हे मला अजून आठवते.

आता आपली माणसे. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, गणपती होतो, दिवाळी होते. मी पहिली दोन वर्षे तिकीट काढून गेले, जेवले, नाटक पाहिले आणि परत आले, आणि दोन वर्षांनंतरही मला नावाने ओळखणारे कोणी नव्हते. मी तक्रार केली तेव्हा आजीने विचारले, “तिथे तुझ्याकडे काम काय आहे?” मी नोकरीबद्दल सांगू लागले, तिला मंडळातले काम अभिप्रेत होते. पुढच्या गणपतीला मी ताटे पुसण्याचे आणि खुर्च्या मांडण्याचे काम मागून घेतले. आज माझ्या घराची किल्ली ज्या दोन कुटुंबांकडे असते, ती त्या खुर्च्या मांडतानाच भेटली.

मला आजीसारखे हॉस्पिटलात जायचे होते, पण इकडे रुग्ण, वृद्ध किंवा मुलांबरोबर स्वयंसेवा करायची तर आधी पोलीस पडताळणी लागते आणि तिला वेळ जातो. आपण आल्याबरोबर अर्ज करावा. मी थांबले होते तेव्हा शेजारच्या पंजाबी काकींनी मला डिक्सी रस्त्यावरच्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटायला नेले. आजीला हे सांगताना मी जरा बिचकत होते. ती म्हणाली, “अगं, नामदेव तिथे तुझ्या आधीच पोचलाय.” गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, हे तिला माहीत होते आणि मला नव्हते.

सणांविषयी थोडक्यात लिहिते. एकादशी किंवा चतुर्थी स्थानिक सूर्योदय-चंद्रोदयावर ठरत असल्याने इकडची तारीख कधीकधी ठाण्याहून वेगळी येते, म्हणून पंचांग टोरांटोचेच पाहावे. भाड्याच्या घरात धुराची सूचना देणारे यंत्र असते, तेव्हा कापूर बेताने लावावा. ठाण्यातला संध्याकाळी सातचा हरिपाठ फोनवर इकडे उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेआठला ऐकू येतो. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये घड्याळ बदलते तेव्हा आजीला आठवणीने सांगा. मी एका नोव्हेंबरात विसरले आणि ती तासभर फोन उशाशी ठेवून बसली होती.

एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वी लिहून ठेवा. कामाचा परवाना म्हणजे व्हिसा नव्हे. परवाना चालू असला तरी पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर देशाबाहेर पडल्यावर नवा व्हिसा मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज पडून असताना बाहेर जायचे असेल तर परतल्यावर काम करता येईल का, ते आधी विचारून घ्या. माझ्या काकांचे दिवसकार्य मी याच कारणाने चुकवले. आजीच्या वेळी कागद नीट होते, पण टोरांटोहून मुंबई विमान बदलत गाठायला वीसेक तास लागतात आणि तेवढा वेळ तिने दिला नाही. मी पोचले ती तिसऱ्या दिवशी, मंगळवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सुतकाचे कारण सांगून नको म्हटले, म्हणून वाड्यातल्या एका वहिनींनी पेजेचा डबा नेला आणि शिवून ठेवलेली अकरा दुपटी मी त्यांच्या पिशवीत भरून दिली.

बॅगांच्या वजनाबद्दलही आपण विचारले आहे. कुकर इकडे मिळतो, आणू नका. आजींची दोन विरलेली सुती लुगडी मात्र मागून घ्या, आणि ती का हवीत हे त्यांना सांगा. मातीसकट तुळस आणता येत नाही आणि जानेवारीत इकडे कोणाकडे रोपही नसते. माझी तुळस हिवाळाभर दक्षिणेच्या खिडकीत कशीबशी तग धरते, मेअखेर थंडी ओसरली की तिच्या मंजिऱ्यांपासून केलेली रोपे मी बाहेर काढते. तेव्हा येऊन एक घेऊन जा.