बार्नी रॉसेट या अमेरिकी प्रकाशकाला वादग्रस्त का म्हणतात?

कोर्टकज्जे त्यानं मुद्दाम अंगावर घेतले म्हणून. १९५१ साली ग्रोव्ह प्रेस हे छोटं प्रकाशन विकत घेतलं आणि १९५९ मध्ये डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची काटछाट न केलेली आवृत्ती काढली. अश्लील म्हणून टपाल खात्यानं प्रती अडवल्या. गडी कोर्टात जिंकला. मग हेन्री मिलरची ‘ट्रॉपिक ऑफ कॅन्सर’ ही कादंबरी काढली. त्यावर राज्याराज्यांत खटले. १९६४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते मोकळं केलं, आणि गंमत बघा, त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘लेडी चॅटर्ली’ विकणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराची शिक्षा कायम ठेवली! कोल्हापुरात आमच्या दुकानात हे सांगितलं की गिऱ्हाईक हळूच विचारतंय, ‘हाय का एखादी प्रत?’ १९८५ मध्ये रॉसेटनं ग्रोव्ह विकलं. वर्षभरात नव्या मालकांनी त्यालाच बाहेर काढलं.