दोषारोपपत्र लांबलं, मग जामीन?

प्रश्न : धाकटा भाऊ फसवणुकीच्या, भारतीय न्याय संहितेच्या ३१८ (४) च्या गुन्ह्यात कोठडीत आहे. दोषारोपपत्र अजून नाही. जामीन मिळेल का? — एक वाचक, कराड

उत्तर : ताई, या कलमाला कमाल ७ वर्षं शिक्षा, म्हणून दोषारोपपत्र द्यायला पोलिसांना मुदत ६० दिवस. तेवढ्यात दिलं नाही, तर जामीन हा हक्कच. (एफआयआरमध्ये फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षं शिक्षेचं कलम घुसवलेलं नाही ना, ते पाहा, मग ९० होतात.) पहिल्या रिमांडचा, म्हणजे कोर्टानं पहिल्यांदा कोठडी दिली तो दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. ६१व्या दिवशी कोर्ट उघडताच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७ (३) खाली जामिनाचा अर्ज द्या, त्यावर वेळ लिहून घ्या. मी तर तोवर कारकुनाच्या टेबलापासून हलतच नाही! दुपारी पोलीस दोषारोपपत्राचा गठ्ठा घेऊन धावत आले, तरी हक्क जात नाही. पण ते तुमच्या अर्जाआधी पोचले, तर हा मार्ग बंद. जामीनदार मात्र आजच पाहून ठेवा.